निरगुडीचा धूर

"माझ्या पायांची डासांनी चाळण केली, त्ये तुमाला दिसत न्हाई. आन् ह्या सरकारी कोंबड्यांना मातुर रोज सांच्याला धूर! त्या काय तुमच्या म्हायेरच्या हैत का?"

रतनबाई पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीवर आली होती. नथू पिंजऱ्याखाली उकिडवा बसून घमेल्यातल्या गोवरीवर फुंकर मारत होता. डोळे लाल झालेले, नाकातून पाणी वाहतंय, पण गडी हटत नव्हता. गोवरी धुमसायला लागली तसा त्यानं वरून निरगुडीचा ओला पाला टाकला. पांढरा, कडवट धूर जाळीतून वर चढला आणि आतल्या कोंबड्या जरा फडफडून एकमेकींना चिकटून बसल्या.

"म्हायेर बायांना आसतं," नथू म्हणाला.

"मंग सासरच्या आसतील. पन माझ्या आय-बापाला बी तुमी कवा येवढं जपलं न्हाई."

"अगं, कोंडलेलं जनावर हाय. तुला हात हैत, तू फटका मारतीस. त्यांनी कुटं जावं? गोठ्यातल्या म्हशीला आपन धूर करतोच का न्हाई?"

"म्हशीची गोष्ट येगळी. डाक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? कोंबड्यांना धूर करू नका म्हनून सांगितलंय. मी बी तितंच हुते."

"त्या पुन्याच्या. त्यास्नी गोठा म्हाईत हाय का?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून रतनबाई आत पळाली आणि भांडण तिथंच राहिलं. नथूला वाटलं, आपण जिंकलो. पुढं जे झालं ते या असल्या जिंकण्यापायीच झालं, म्हणून आधी त्या कोंबड्यांची हकिकत सांगायला पाहिजे.

करंजखोरे हे मावळातलं गाव. बेडशाच्या डोंगराची कड धरून आत गेलं की लागतं. वर रान, खाली इंद्रायणी भाताची खाचरं, मधून ओढा आणि ओढ्याच्या पाणथळीतल्या झाडांवर बगळ्यांची वस्ती. पावसाळ्यात ती झाडं लांबून पांढरी दिसतात. लोणावळ्यात न मावलेली माणसं अलीकडे शनिवार-रविवारी इथवर यायला लागली होती. त्यांच्यासाठी सरपंच कैलासनं तळ्याच्या काठाला तंबू ठोकले होते, चहा-भजीची टपरी काढली होती आणि "निसर्गाच्या कुशीत" असा भला मोठा बोर्ड लावला होता. बगळ्यांचे फोटो काढायला लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येत. त्याच बगळ्यांपायी राजेश्वरी मॅडमही आल्या.

मॅडम पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या. जनावरांच्या डॉक्टर. वय लहान, आवाज मऊ, पण चिखलात गुडघाभर उतरायला मागंपुढं न बघणाऱ्या. त्यांनी मारुतीच्या देवळात माणसं गोळा केली आणि समजावून सांगितलं.

"बगळ्यांच्या अंगात एक विषाणू असतो. बगळ्याला चावलेला डास पुढं माणसाला चावला तर मेंदूचा ताप येऊ शकतो. मोठी माणसं बहुतेक निभावतात, पण लहान मुलांना तो वाईट. आता रानातल्या डासांमध्ये हा विषाणू आलाय की नाही, हे आपल्याला कसं कळणार? म्हणून आम्ही कोंबड्या ठेवतो. कोंबडीला हा ताप येत नाही, ती मरत नाही. पण तसला डास तिला चावला की तिच्या रक्तात खूण राहते. ती खूण आम्हाला माणसं आजारी पडायच्या आधी दिसते. खूण दिसली की लगेच मुलांना लस आणि गावात फवारणी."

"म्हंजी कोंबड्या राखनीला बसवायच्या," नथू म्हणाला.

"अगदी बरोबर! राखणीलाच. फक्त त्यांना डासांपासून वाचवायचं नाही. धूर नको, मच्छरदाणी नको, औषध नको. डास चावू द्यायचे."

देवळात थोडं हसू झालं. कोंबडीला डास चावावा म्हणून पुण्याहून गाडी येते, हे लोकांना गमतीचं वाटलं. नथूही हसला. मॅडमनी आपल्याला शाबासकी दिली एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं.

पिंजऱ्यासाठी मॅडमनी आधी जागा पाहिली होती ती सीतारामच्या अंगणातली. बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, खाचरांना लागून. पाणी तिथं, डास तिथं. सीताराम रेल्वेत गँगमन होता, सगळी नोकरी लोणावळ्याच्या घाटात रुळांवर काढलेली. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मॅडमना तो पहिल्या भेटीतच आवडला.

इथं नथूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सरकारी पिंजरा, पुण्याची गाडी, मॅडमचं येणं-जाणं, आणि हे सगळं खालच्या वस्तीत? गावात माणसं मेली काय? असं तो उघड बोलला नाही, पण मनात तेच होतं, आणि आपण ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो उठला आणि कैलासकडं गेला. कैलास त्याचा चुलतपुतण्या.

"कोंबड्या सांभाळायला शेतकरी लागतो, कैलास. रूळ ठोकनाऱ्याला काय कळतंय त्यातलं?"

कैलासनं मॅडमना सांगितलं, की खाली पावसात पाणी भरतं, पिंजरा वाहून जाईल. पाणी काही भरत नव्हतं. पण मॅडम गावच्या सरपंचाला खोटं कसं म्हणणार? नथूचं घर गावाच्या टोकाला, ओढ्याच्या वरच होतं. पिंजरा तिथं आला. चार लाकडी पायांवर उभा, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी, आत पायात नंबराची कडी घातलेल्या तरण्या कोंबड्या. सीतारामला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं. कुटंबी ठिवा. पन नीट ठिवा."

नथूनं नीटच ठेवल्या. त्याच्या समजुतीप्रमाणं नीट. पहिल्याच संध्याकाळी खाचरांकडून डासांचा लोट उठला आणि कोंबड्यांच्या तुऱ्यांवर, डोळ्यांच्या कडांना काळे ठिपके बसलेले त्याला दिसले. बिचाऱ्या मान झटकून झटकून दमल्या. बापापासून चालत आलेली रीत होती, दिवस मावळला की गोठ्यात निरगुडीचा धूर करायचा, मग माणसांनी जेवायचं. मुक्या जनावराला डासांच्या तोंडी देऊन भाकरी खायची, हे त्याच्यानं झालं नाही. त्यानं गोठ्यातलं घमेलं उचललं आणि पिंजऱ्याखाली ठेवलं.

इथपर्यंत माणूस चुकला तर आपण म्हणू, मायाळू होता, चुकला. पण पुढं मॅडम रक्त घ्यायला यायच्या असल्या की आदल्या दिवशी त्यांचा फोन येई, आणि सकाळी उठून नथू पिंजऱ्याखालची राख खराट्यानं झाडून काढी. वर ताजी माती टाकी. पाण्याचा सडा मारी. मॅडम आल्या की अंगण लख्ख.

"किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही!" त्या म्हणत.

"कोंबडी म्हंजी घरचं मानूस, मॅडम."

मॅडम कोंबडीचा पंख उचलून खालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेत आणि नळीवर कडीचा नंबर लिहीत. काही दिवसांनी फोन येई, "नथूभाऊ, तुमच्या सगळ्या स्वच्छ." नथूची छाती फुगे. शाळेत त्याच्या वाट्याला पास होणं फारसं आलं नव्हतं. या वयात दर खेपेला पास होत होता. कोंबड्या कशासाठी ठेवल्यात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण स्वच्छ म्हणजे आपली शाबासकी, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलं.

कैलासला तर आयतंच सापडलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यानं भाषण ठोकलं, की पुण्याच्या शास्त्रज्ञांनी आपलं गाव तपासलं आणि आपल्या गावात रोगाचं नावनिशाण नाही. पाहुण्यांनी बिनधास्त यावं. मग नथूला पुढं बोलावून शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मागं उभ्या असलेल्या सीतारामनंही टाळ्या वाजवल्या. नथूनं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

शाल घेऊन तो घरी आला तेव्हा रतनबाई म्हणाली, "दावा तरी कसली हाय." तिनं हात फिरवून बघितली आणि म्हणाली, "धुराचा वास येतुया."

"नवी हाय ती. वास कसला येतुया?"

"तुमच्या अंगाचा लागला आसंल."

पोळ्याच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या गवळवाडीतून बातमी आली. तिथंही असाच पिंजरा होता आणि तिथल्या कोंबड्यांच्या रक्तात खूण सापडली होती. दोन दिवसांत आरोग्य खात्याची गाडी आली, फवारणी झाली, शाळेत पोरांना रांगेनं लस द्यायला सुरुवात झाली. गवळवाडीची पोरं दंड चोळत ओढ्याकाठी फिरायला लागली.

मॅडम नथूकडं आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, जाळी पाहिली, पत्रा पाहिला.

"काही कळत नाही. ओढा एक, डास तेच, बगळे तेच. तिथं कोंबड्या लागल्या आणि इथं एकही नाही. नथूभाऊ, काही औषध वगैरे मारलंत का जवळपास?"

"औशध? न्हाई बा. औशधाचं नाव बी न्हाई."

औषध मारलं नव्हतंच. धुराचं त्यांनी विचारलं नाही. नथू स्वतःच्या मनाशी एवढ्या आधारावर उभा राहिला, आणि तेव्हाच त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या पायाखालची माती जरा भुसभुशीत आहे. लस थोडी होती. जिथं खूण तिथं आधी, बाकीच्यांना पुढच्या खेपेला, असं ठरलं. करंजखोरे पुढच्या खेपेत गेलं.

दुसऱ्या दिवशी नथू बांधावरचं गवत कापत होता. सीताराम छत्री टेकत आला. मागं त्याची सून ज्योत्स्ना, आणि तिचं बोट धरून सुजा. सुजा म्हणजे सीतारामची नात, पहिलीत जाणारी. पोरगी बडबडी. नथूच्या पिंजऱ्यापाशी येऊन कोंबड्यांशी तासन्‌तास बोलायची. कितीदा तर निरगुडीचा पाला ओरबाडून तिनंच नथूच्या हातात दिला होता.

"नथूभाऊ," सीताराम म्हणाला, "पलीकडं पोरांना टोचत्यात. ज्योत्स्ना म्हनतीया, सुजाला तिकडं घिऊन जाऊ. वळखीची नर्स हाय, नको म्हननार न्हाई. मी म्हनलं, आदी तुमाला इचारावं. आपल्या कोंबड्या नक्की चांगल्या हैत ना?"

नथूचा विळा थांबला. ज्योत्स्ना त्याच्याकडं बघत होती. खरं सांगायला ही जागा होती. बांधावर तिसरं कुणी नव्हतं, चार शब्दांत काम झालं असतं. पण त्या चार शब्दांच्या आड शाल होती, टाळ्या होत्या, आणि रूळ ठोकणाऱ्याला काय कळतंय, हे त्याचंच वाक्य होतं.

"चांगल्या? ठनठनीत हैत! कशाला पोरीला त्या चिखलातनं वढ्यापल्याड न्हेतोस, सीताराम? सुईनं उगा ताप यील. पुढच्या खेपंला हितंच यीत्याल की."

"आबा, पांढरीनं अंडं दिलं का?" सुजानं मधेच नथूला विचारलं.

"दिलं की. ये सांच्याला, दितो तुला."

"मंग ऱ्हाऊ दे," सीताराम सुनेला म्हणाला. "नथूभाऊंच्या कोंबड्यांवर इस्वास ठिवू."

ती तिघं वळून गेली. नथू तसाच विळा धरून उभा राहिला.

त्या संध्याकाळी घमेलं पेटवताना आजपासून बंद करावं, असं मनात आलं. पण बंद केलं आणि कोंबडी लागली, तर मॅडम विचारतील, एवढे दिवस का नाही लागली? त्यानं घमेल्यात जरा जास्तच पाला टाकला. माणूस एकदा खोटं बोलला की त्याला खोटं राखत बसावं लागतं, आणि नथू आता कोंबड्या राखत नव्हता.

गौरी-गणपतीचे दिवस आले. विसर्जन होऊन आठवडाही झाला नसेल, सुजाला ताप चढला. आधी वाटलं, नाचून दमली असेल. दुसऱ्या दिवशी ती उलट्या करायला लागली, मान ताठ झाली, आणि दुपारी ज्योत्स्नाच्या मांडीवरच तिला झटके आले. तिचा बाप आकाश तळेगावला कंपनीत कामाला होता. त्यानं तिकडून गाडी पाठवली आणि पोरीला परस्पर तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडी नथूच्या दारावरून गेली. मागच्या सीटवर ज्योत्स्नाच्या खांद्यावरून सुजाचा हात लोंबत होता.

नथू ओसरीवर बसला. मग रतनबाईला म्हणाला, "येवढं वंगाळ हुईल ह्ये मला कळलं न्हाई गं. मला वाटलं, मुकं जनावर हाय. मला खरंच कळत नव्हतं."

ती भांडायला लागली की नथूला भीती वाटत नसे, हळू बोलली की वाटे.

"कळत नव्हतं," ती हळू म्हणाली, "तर मंग राख कशाला झाडीत हुता?"

नथूला तिच्याकडं बघवेना म्हणून तो अंगणाकडं बघत बसला, तर तिथं पिंजऱ्याखाली काल संध्याकाळची राख पडली होती.

सकाळी पंचायतीत बैठक बसली. राजेश्वरी मॅडम आल्या होत्या, आरोग्य खात्याचे लोक होते, कैलास खुर्चीत पुढं सरकून बसला होता. सीताराम कोपऱ्यात उभा होता. दवाखान्यात रेशनकार्ड मागितलं म्हणून तो ते न्यायला गावात आला होता आणि मॅडमना पाहून थांबला होता. डोळे सुजलेले, अंगात कालचाच सदरा.

मॅडम म्हणत होत्या, "लक्षणं मेंदूच्या तापाचीच आहेत. पण कारणं बरीच असू शकतात. दवाखान्याचा रिपोर्ट अजून यायचाय. ओढ्यापलीकडं खूण असली तरी इथल्या कोंबड्या सगळ्या स्वच्छ आहेत, त्यामुळे हा डासांमधून आलेला नसावा असं धरून आपण आधी पिण्याचं पाणी तपासू. मुलांची लस ठरल्याप्रमाणं पुढच्या खेपेला."

"बराबर हाय," कैलास घाईनं म्हणाला. "पान्याचंच बघा आदी. उगा डासांची बोंब नको. शनवार तोंडावर आलाय."

तेवढ्यात नथू दारात आला. त्याच्या हातात घमेलं होतं. तो सरळ आत गेला आणि ते मॅडमच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. तळाला राख, वर निरगुडीच्या अर्धवट जळालेल्या काड्या.

"तात्या, ह्ये काय आनलंय?" कैलास म्हणाला.

"मॅडम, माझ्या कोंबड्यांवर जाऊ नका. त्या खोटं सांगत्यात."

"म्हणजे? कोंबड्या बदलल्यात तुम्ही?"

"न्हाई. कोंबड्या त्याच. पन त्यास्नी मी डास चावूच दिला न्हाई. रोज सांच्याला धूर केला. पयल्या दिसापासनं."

मॅडमनी घमेल्यातली एक काडी उचलून पाहिली.

"पण मी दर वेळी येत होते. पिंजऱ्याखाली कधी काहीच दिसलं नाही मला."

"तुमी यायच्या आदी झाडीत हुतो."

कैलास उठला. "तात्या, जरा भाईर चला. तुमची तब्येत बरी न्हाई."

"माझी तब्येत बरी हाय. पोरीची न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला होता. त्या हळूच म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी नुसतं करू नका म्हणाले. का ते तुमच्याजवळ बसून नीट सांगायला हवं होतं."

"सांगितलं हुतं तुमी," नथू म्हणाला. "देवळात समद्यांपुढं सांगितलं हुतं. मला ऐकायचं नव्हतं."

मग कोपऱ्यातून सीताराम बोलला. आवाज चढलेला नव्हता. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

"मी बांधावर इचारलं, तवाबी धूर चालू हुता?"

नथूनं त्याच्याकडं बघायचा प्रयत्न केला. मान वर येईना.

"तवाबी."

सीतारामनं रेशनकार्डाची पिशवी काखेत मारली आणि तो निघून गेला. शिवी देऊन गेला असता, दोन थोबाडीत ठेवून गेला असता, तर नथूला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. तो घमेल्याकडं बघत तिथंच राहिला. मॅडमनी फोन लावला होता आणि त्या भराभर बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी करंजखोऱ्याच्या शाळेत लस सुरू झाली. गाव धुरानं भरलं, पण तो फवारणीचा. तंबू उठले. कैलास नथूशी बोलायचा बंद झाला, ज्यांचं चहा-भजीवर चालत होतं ते त्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. नथूला त्याचं काही वाटलं नाही. पिंजऱ्याखाली आता काही जळत नव्हतं. पुढच्या रक्तात खूण आली, तीही सुजाच्या पांढरीच्या. मॅडमनी फोनवर सांगितलं, "लागली." नथू "बरं" म्हणाला आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. गावातलं दुसरं एकही पोर आजारी पडलं नाही. तेवढं एक झालं.

भात पोटऱ्यात आलं तेव्हा नथूनं मॅडमना विचारून पिंजरा बैलगाडीत घातला आणि खालच्या वस्तीत नेला. सीताराम अंगणात खाट विणत होता.

"सीतारामभाऊ, ह्यो पयल्यापासनं हितलाच. मी वरती न्हेला हुता."

सीतारामनं हातातली दोरी खाली ठेवली नाही. "ठिवा त्या आंब्याखाली."

"मला काय बोलायचं आसंल तर बोला."

"बोलून दवाखान्यात पडलेल्या पोरीचा पाय सरळ हुनार हाय का?"

नथूनं पिंजरा आंब्याखाली उतरवला. दाणा-पाणी सीताराम बघायला लागला. पण त्या संध्याकाळपासून नथू रोज खाली यायला लागला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसायचा, अंधारून येईपर्यंत. खाचरांकडून डास उठायचे, कोंबड्यांवर बसायचे, त्याच्या उघड्या पोटऱ्यांवर बसायचे. तो फटका मारायचा नाही. ज्योत्स्ना वाळलेले कपडे काढायला बाहेर यायची, त्याला बघायची आणि आत जाऊन दार लावून घ्यायची. रतनबाईनं एकदा विचारलं, "तितं बसून काय मिळतंय तुमाला?" तो म्हणाला, "काय न्हाई." ते खरंच होतं.

सुजा घरी आली ती दसरा झाल्यावर. जगली, हेच लोक पुन्हा पुन्हा म्हणत होते. उजवा पाय ओढत चालायची. हातातली वस्तू थरथरायची. आणि ती बडबडी पोरगी आता एकेक शब्द शोधून काढायची, जसा काही तो कुठं तरी ठेवून विसरली होती.

एका संध्याकाळी ती दार लोटून बाहेर आली आणि नथूसमोर उभी राहिली. बराच वेळ त्याच्या पायांकडं बघत होती.

"आबा... डास... चावत्यात."

"चावू दे."

ती वळली आणि पाय ओढत आत गेली. नथूला वाटलं, गेली. पण थोड्या वेळानं ती परत आली. दोन्ही हातांत करवंटी धरली होती. आत चुलीतला निखारा, आणि वर कुंपणाची निरगुडी ओरबाडून घातलेली. हात हलत होते आणि राख तिच्याच पायांवर सांडत होती. जीभ दातांत धरून, एकेक पाऊल टाकत ती अंगण ओलांडून आली. मागं दारात ज्योत्स्ना येऊन उभी राहिली. ओट्यावर सीतारामनं मान वर केली. दोघांनीही तिला अडवलं नाही.

"तुमाला... धूर," सुजा म्हणाली.

"नको गं बाय. नको." नथूनं करवंटी तिच्या हातातून घेतली, लांब अंगणाच्या टोकाला नेऊन चिखलात पालथी घातली आणि पायानं दाबली. मागं वळला तर पोरगी हिरमुसली होती.

"का?" तिनं विचारलं.

"सांगा की, नथूभाऊ," सीताराम ओट्यावरून म्हणाला. "पोरगी इचारतीया."

नथू परत आला आणि तिच्यापुढं मातीत बसला. पंचायतीत सगळ्यांसमोर बोलताना त्याची जीभ अडली नव्हती. इथं पहिला शब्दच सुटेना. तोंड उघडायचा, मिटायचा, आणि डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे असं म्हणायचीही आता सोय नव्हती.

सुजा त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिला स्वतःला शब्द सापडायला वेळ लागायचा, त्यामुळं तिला घाई नव्हती.